सुवाह्य सौर वीजसंच व फिरते निवास : पिंपरी-चिंचवड–चाकण पट्टा

सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करणारे हलके पॅनेल, ती वीज साठविणारी विद्युत् घटमाला आणि साठविलेली वीज दिवे, पंखे व इतर उपकरणे यांना मानवेल अशा स्वरूपात पुरविणारी नियंत्रक साधने यांचा, एकदोन माणसांना उचलून नेता येईल असा जो संच केलेला असतो त्यास सुवाह्य सौर वीजसंच म्हणतात. कॅरॅव्हॅन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निवासगाड्या, मोटारीमागे जोडून नेण्याचे ट्रेलर, तंबू, राहुट्या व तात्पुरती झोपडी अशा निवासांत, जेथे वीज मंडळाची तार पोहोचत नाही किंवा पोहोचेपर्यंत मुक्काम हललेला असतो तेथे, या संचाचा उपयोग होतो. पाश्चात्त्य देशांत त्याचा प्रसार मुख्यतः सहलीच्या हौसेतून झाला. महाराष्ट्रात, आणि विशेषतः पुण्याच्या वायव्येस व उत्तरेस पसरलेल्या पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे, चाकण या औद्योगिक पट्ट्यात, त्याची पूर्वपीठिका निराळी आहे. येथे गाड्या तयार होत आल्या आहेत, घटमाला तयार होत आल्या आहेत, आणि गाडीसोबत संसार घेऊन हिंडणारी माणसेही पूर्वापार येत आली आहेत. परंतु या तिन्ही गोष्टींची गाठ पडण्यास बराच काळ लागला, आणि ती पडली तेव्हाही तिचा लाभ सर्वांना सारखा झाला नाही.

फिरत्या वस्तीचा प्रकाश : फिरता निवास ही या भागास नवी गोष्ट नाही. संत तुकारामांची पालखी देहूहून व संत ज्ञानेश्वरांची आळंदीहून निघते. ही दोन्ही गावे आज औद्योगिक पट्ट्यास लागूनच आहेत. नारायण महाराजांनी १६८५ मध्ये सुरू केलेल्या पालखी सोहळ्याचा देहूनंतरचा मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात असतो, म्हणजे हजारो माणसांची एक फिरती वस्ती दरवर्षी कारखान्यांच्या ऐन मध्यभागी उतरते. दिंडीबरोबर पूर्वी बैलगाड्या असत. पुढे त्यांची जागा मालट्रकांनी घेतली. राहुट्या, भांडी, शिधा व पाण्याची पिंपे या ट्रकांतून जातात, आणि मुक्कामी पोहोचलेल्या वारकऱ्यास राहुटी उभी मिळते. ट्रेलर घेऊन हिंडणाऱ्या परदेशी सहलकऱ्याच्या व्यवस्थेपेक्षा ही व्यवस्था तत्त्वतः वेगळी नाही. प्रमाण मात्र किती तरी मोठे आहे.

अशा वस्तीचा प्रकाश दीर्घकाळ रॉकेलवर अवलंबून होता. ओगलेवाडीच्या काचकारखान्याचा प्रभाकर कंदील महाराष्ट्रातील घराघरांत होता तसाच तो गाडीच्या दांडीलाही टांगलेला असे. कीर्तनाच्या मंडपात किंवा मोठ्या तळावर पेट्रोमॅक्स जातीची गॅसबत्ती लागे. हवेचा दाब देऊन रॉकेलची वाफ जाळीच्या पिशवीत जाळणारी ही बत्ती भरपूर उजेड देई; पण ती फसफसे, तापे आणि तिची पिशवी गाडीच्या हिसक्याने तुटे. कंदिलाचा मोठा गुण असा, की बिघडल्यास तो कोणत्याही गावी दुरुस्त होई. विजेवर चालणाऱ्या कोणत्याही सुवाह्य साधनास या गुणाशी स्पर्धा करावी लागली, आणि बहुतेक साधने ती हरली.

शिसे-अम्ल घटमाला : वीज साठवून ठेवता येते हे गास्ताँ प्लांते या फ्रेंच भौतिकीविज्ञांनी १८५९ मध्ये शिसे-अम्ल घट तयार करून दाखविले. शिशाचे पत्रे विरल सल्फ्यूरिक अम्लात बुडवून केलेला हा घट पुन्हा पुन्हा भारित करता येतो, आणि मोटारीचे एंजिन सुरू करण्यासाठी लागणारा मोठा प्रवाह तो क्षणात देऊ शकतो. मोटार उद्योग जेथे गेला तेथे त्यामुळे शिशाची घटमालाही गेली.

पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी उद्योग १९५४ मध्ये स्थापन झाला आणि या माळरानाचे रूप पालटू लागले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यानंतर जमीन, पाणी व रस्ते यांची सोय झाली. टाटांचा मालमोटारींचा कारखाना, बजाज ऑटो व बजाज टेंपो हे वाहन उद्योग पिंपरी-आकुर्डी परिसरात उभे राहिले. त्यांच्या पाठोपाठ सुटे भाग पुरविणारे शेकडो लहान कारखाने भोसरी व चिंचवड येथे आले. एक्साइड घटमाला करणाऱ्या कंपनीने शामनगरनंतरचा आपला दुसरा कारखाना १९६९ मध्ये चिंचवड येथे काढला. ही कंपनी पुढे क्लोराइड इंडिया आणि १९९५ पासून एक्साइड इंडस्ट्रीज या नावाने ओळखली जाऊ लागली. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका अस्तित्वात आली तेव्हा गाडी आणि तिची घटमाला या दोन्ही वस्तू एकाच नगराच्या हद्दीत तयार होत होत्या.

तरीही ही घटमाला निवासाच्या कामी फारशी आली नाही. त्याचे कारण तिच्या रचनेत आहे. एंजिन सुरू करण्यासाठी केलेल्या घटमालेचे पत्रे पातळ व संख्येने जास्त असतात. तिने क्षणभर मोठा प्रवाह द्यावा आणि लगेच जनित्राने ती पुन्हा भरावी, अशी अपेक्षा असते. रात्रभर दिवा व पंखा चालवून ती रिकामी केली, तर पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटाचा कठीण थर बसतो आणि काही महिन्यांत ती निकामी होते. मुक्कामी दिवा लावून झोपलेल्या चालकाची मालमोटार सकाळी धक्का मारून सुरू करावी लागते, हा अनुभव महामार्गावर नवा नाही. जाड पत्र्यांच्या, खोलवर रिक्त करता येणाऱ्या घटमाला वेगळ्या मिळतात. परंतु शिशाचे वजन मात्र टळत नाही. एक किलोवॉट-तास, म्हणजे वीजबिलातील एक युनिट, खरोखर वापरता यावे यासाठी १२ व्होल्टची सुमारे १७० अँपिअर-तास क्षमतेची शिसे-अम्ल घटमाला लागते, कारण तिची निम्मीच क्षमता वापरणे हिताचे असते. अशी घटमाला ५० किग्रॅ.हून अधिक भरते. तिला सुवाह्य म्हणणे अवघड आहे.

सौर घट : प्रकाशाने विद्युत् दाब निर्माण होतो हे ए. ई. बेक्रेल यांनी १८३९ मध्ये दाखविले होते. पण वापरण्याजोगा सौर घट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डी. एम्. चॅपिन, सी. एस्. फुलर व जी. एल्. पिअरसन यांनी १९५४ मध्ये सिलिकॉनपासून बनविला. त्यावर पडलेल्या ऊर्जेपैकी सुमारे ६ टक्के ऊर्जा विजेच्या रूपात मिळे. १९५८ मध्ये व्हॅनगार्ड-१ या कृत्रिम उपग्रहावर असे घट बसविण्यात आले. सौर घटाचा पहिला महत्त्वाचा उपयोग अशा रीतीने फिरत्या वस्तूवरच झाला, फक्त ती वस्तू आकाशात होती. १९७३ नंतरच्या तेलटंचाईत घटांच्या किंमती उतरविण्याचे जोराचे प्रयत्न झाले आणि समुद्रातील तेलफलाट, रेल्वेचे सिग्नल, क्रीडानौका व त्यानंतर निवासगाड्या असा त्यांचा प्रसार झाला. निवासगाडी स्वतः त्याहून जुनी आहे. केवळ हौसेसाठी बांधलेली ‘वाँडरर’ ही घोड्यांनी ओढावयाची गाडी ब्रिटनमध्ये १८८५ मध्ये तयार झाली होती, आणि १९३६ मधील अमेरिकन एअरस्ट्रीम ट्रेलरात पाणीसाठा व विजेचे दिवे होते.

भारतात साहिबाबाद येथील सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी उद्योगाने १९७७ मध्ये सौर घट व १९७८ मध्ये सौर पॅनेल तयार केले. १९८२ मध्ये केंद्र शासनाचा अपारंपरिक ऊर्जा विभाग सुरू झाला व त्यानंतर काही वर्षांतच महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण, म्हणजे ‘मेडा’, ही संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय पुण्यास आहे. पॅनेल किती वीज देईल हे सांगण्यासाठी आधी ऊन मोजावे लागते. हे काम पुण्याशी निगडित आहे, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. भारतीय हवामान खात्याच्या पुणे येथील उपकरण विभागात अ‍ॅना मणी यांनी सौर प्रारण मोजण्याची उपकरणे देशातच तयार करविली आणि आंतरराष्ट्रीय भूभौतिकीय वर्षाच्या सुमारास (१९५७-५८) देशभर मापन केंद्रांचे जाळे उभारले. त्यांचा भारतातील सौर प्रारणाच्या आकड्यांचा संदर्भग्रंथ १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. आज निवासगाडीच्या छपरावर किती वॉटचे पॅनेल लावावे याचा हिशेब करणारा माणूस, त्याला माहीत असो वा नसो, या पायावर उभा असतो.

शासनाच्या अनुदानाने खेडोपाडी गेलेला सौर कंदील हा सुवाह्य सौर संचाचा भारतातील पहिला व्यापक प्रकार होय. त्यात १० वॉटचे पॅनेल, १२ व्होल्ट व ७ अँपिअर-तासांची बंदिस्त शिसे-अम्ल घटमाला आणि ७ वॉटचा छोटा नळीदिवा असे. तो रोज तीन-चार तास प्रकाश देई. कल्पना उत्तम होती. परंतु दोन-तीन वर्षांनी घटमाला संपे, तिच्याजोगी दुसरी तालुक्याच्या गावी मिळत नसे, आणि कंदील माळ्यावर जाई. ओगल्यांच्या कंदिलाशी झालेली स्पर्धा तो येथे हरला. २०१४ नंतर मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेने सौर अभ्यासदिव्यांचा मोठा प्रकल्प महाराष्ट्रासह काही राज्यांत राबविला; त्यात दिव्यांची जुळणी, विक्री व दुरुस्ती गावातीलच माणसांना शिकवून त्यांच्याकडून करवून घेण्यात आली, ती मागील अनुभवावरून.

भारनियमनाचा काळ : औद्योगिक पट्ट्यात विजेची टंचाई ही सवयीची गोष्ट होती. मागणी आठवडाभर विभागली जावी म्हणून येथील कारखान्यांची साप्ताहिक सुटी रविवारऐवजी गुरुवारी ठेवण्यात आली, आणि कामगारांचे बाजार, लग्ने व गावी जाणे या गुरुवाराभोवती फिरू लागले. २००५ नंतर राज्यात भारनियमन तीव्र झाले. २००६ मध्ये पुणे परिसरातील उद्योगांनी आपली डीझेल जनित्रे चालवून जाळ्यावरील आपली मागणी कमी करावी, तो वाचलेला पुरवठा शहरास मिळावा आणि जादा खर्च ग्राहकांनी वाटून घ्यावा, अशी योजना वीज नियामक आयोगाच्या संमतीने अमलात आली. ती ‘पुणे नमुना’ म्हणून ओळखली गेली.

घरोघरी या काळात इन्व्हर्टर आला. घटमालेतील एकदिश प्रवाहाचे २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करणारे हे यंत्र व त्याखाली ठेवलेली जड घटमाला हे चिंचवड-निगडीच्या सदनिकांतील नित्याचे दृश्य झाले. सुवाह्य वीजसंचात आज असणारी सर्व अंगे तेव्हाच लोकांच्या परिचयाची झाली होती. अनेकांना घटमालेत शुद्ध पाणी घालता येऊ लागले, वॉट व अँपिअर-तास हे शब्द दुकानदार व ग्राहक यांच्या बोलण्यात आले. उणीव वजनाचीच होती.

लिथियम व एलईडी : ती दोन दिशांनी दूर झाली. लिथियम-आयन घट १९९१ मध्ये जपानमध्ये बाजारात आला. त्यामागील संशोधनासाठी जे. बी. गुडइनफ, एम्. एस्. व्हिटिंगम व ए. योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गुडइनफ यांच्याच प्रयोगशाळेतून १९९७ मध्ये पुढे आलेले लिथियम-लोह-फॉस्फेट हे द्रव्य सुवाह्य संचांना विशेष मानवले. त्याची ऊर्जा दर किलोग्रॅमला मोबाइल फोनातील घटापेक्षा कमी असते. परंतु ते सहजासहजी पेट घेत नाही आणि दोन हजारांहून अधिक वेळा भारित करता येते. एक युनिट साठविणारी अशी घटमाला साधारण १० ते १३ किग्रॅ. वजनाची होते. शिशाच्या ५० किग्रॅ.शी याची तुलना करावी.

दुसरी दिशा अनेकदा विसरली जाते. निळा प्रकाश देणाऱ्या एलईडीचा शोध १९९०च्या दशकाच्या प्रारंभी जपानमध्ये पूर्णत्वास गेला व त्यापासून पांढरा प्रकाश मिळविता आला. ६० वॉटच्या तापदीप्त दिव्याचे काम ७ ते ९ वॉटचा एलईडी दिवा करू लागला. पॅनेल स्वस्त झाले ते महत्त्वाचेच. पण विजेची गरजच सातपटीने घटली, हे सुवाह्य संचाच्या यशाचे अधिक मोठे कारण मानावे लागेल.

घटमाला, भारण नियंत्रक व इन्व्हर्टर एकाच मुठीच्या पेटीत बसविलेले संच अमेरिकेत २०१० नंतर रुळले. त्यांना ‘पॉवर स्टेशन’ असे भारदस्त नाव मिळाले, ते वस्तूच्या मानाने अंमळ मोठेच आहे. भारतात हे संच आले तेव्हा चाकणचे रूपही बदलले होते. कांद्या-बटाट्याच्या बाजारासाठी व संग्रामदुर्गासाठी ज्ञात असलेल्या या गावाच्या परिसरात बजाज ऑटोचा कारखाना १९९९ मध्ये व फोक्सवॅगनचा २००९ मध्ये सुरू झाला; मर्सिडीज-बेंझ व महिंद्र यांचेही कारखाने आले. बजाजची चेतक ही विजेवरील स्कूटर २०२० मध्ये चाकण येथून बाहेर पडू लागली, व २०२२ मध्ये आकुर्डी येथे तिच्यासाठी वेगळा कारखाना उघडण्यात आला. लिथियम घटांची जुळणी, त्यांचे तापमान व भारण यांवर देखरेख करणारी इलेक्ट्रॉनीय मंडले आणि ती दुरुस्त करू शकणारे कारागीर या पट्ट्यात आता आहेत. मूळ घट मात्र अद्याप मोठ्या प्रमाणात परदेशांतून, विशेषतः चीनमधून येतात. १९६९ मध्ये चिंचवडला शिशाचे पत्रे ओतण्यापासून सुरुवात झाली होती. लिथियमच्या बाबतीत सुरुवात शेवटच्या टप्प्यापासून झाली आहे.

निवासगाडी व तिचा हिशेब : महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण २०२१ मध्ये जाहीर केले. युरोप-अमेरिकेत मोटारीमागे ट्रेलर ओढण्याची चाल आहे. येथे अरुंद घाटरस्ते, ट्रेलरच्या नोंदणीचे सोपस्कार व शहरातील जागेची टंचाई यांमुळे लहान बसच्या सांगाड्यावर बांधलेली निवासगाडी अधिक सोयीची ठरली. अशा बांधणीसाठी वापरल्या जाणाऱ्या वाहनांत आकुर्डीच्या फोर्स मोटर्सच्या, म्हणजे पूर्वीच्या बजाज टेंपोच्या, ट्रॅव्हलर गाडीचा समावेश आहे. वाहनांची चाचणी घेणारी ‘एआरएआय’ ही संस्था १९६६ पासून पुण्यात असून तिचे एक केंद्र चाकणला आहे. सप्ताहअखेर पवना जलाशयाच्या काठी, म्हणजे ज्या धरणाचे पाणी पिंपरी-चिंचवडला येते तेथेच, तंबू लावून राहणाऱ्यांची संख्याही वाढली आहे.

चौघांच्या कुटुंबास अशा गाडीत एका दिवसाला लागणारी वीज पुढीलप्रमाणे मोजता येते. ५ वॉटचे पाच दिवे पाच तास लावल्यास १२५ वॉट-तास, १२ व्होल्टचा १५ वॉटचा पंखा आठ तास चालल्यास १२०, चार मोबाइल फोन भारित करण्यास सुमारे ६०, पाण्याचा लहान पंप ३० ते ४०, आणि दाबयंत्राचा लहान शीतकपाट असल्यास सुमारे ५०० वॉट-तास. ही बेरीज साधारण ८५० वॉट-तास होते. पुण्याच्या स्वच्छ उन्हात पॅनेलास दिवसाकाठी सरासरी पाच तासांच्या पूर्ण उन्हाइतकी ऊर्जा मिळते असे धरून, आणि तापमान, तारा व रूपांतर यांतील घट पाव हिस्सा धरल्यास, २०० वॉटचे पॅनेल रोज ७५० वॉट-तास देते. म्हणजे शीतकपाटासह ते किंचित कमी पडते व ३०० वॉटचे पुरेसे होते. वातानुकूलन यंत्र मात्र या हिशेबात बसत नाही. एक टनाचे यंत्र ताशी सुमारे एक युनिट घेते, व दिवसभराचे ऊन तासाभरात संपविते. विक्रेते पेटीवर ठळक अक्षरांत ‘१,००० वॉट’ लिहितात तो इन्व्हर्टरचा जोर असतो, साठा नव्हे. साठा वॉट-तासांत मोजतात व तोच आकडा आधी वाचला पाहिजे.

प्रत्यक्षात आणखी काही गोष्टी आड येतात. पॅनेलातील घट एकापुढे एक जोडलेले असल्याने एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी उत्पादन मोठ्या प्रमाणात घसरते. दुपारी माणसास सावली हवी असते व पॅनेलास ऊन. यामुळे छपरावर पक्के बसविलेल्या पॅनेलापेक्षा लांब तारेने जोडलेले, घडी होणारे पॅनेल तळावर अधिक उपयोगी पडते. उलट चालत्या गाडीत छपरावरचेच काम करते. मे महिन्याच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस सूर्य पुण्यात माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा आडवे पॅनेल उत्तम. डिसेंबरात तो माध्यान्ही ४८ अंशांपर्यंतच चढतो, म्हणून पॅनेल दक्षिणेकडे कलते करावे लागते. एप्रिलमध्ये पत्र्याच्या छपरावरील पॅनेल ६५° से.पर्यंत तापते, व २५° से.च्या वर प्रत्येक अंशास सुमारे ०·४ टक्के याप्रमाणे सहाव्या हिश्श्याइतकी वीज घटते. घटमालेची पेटी बंद गाडीत उन्हात ठेवणे हे तिचे आयुष्य कमी करण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

फिरते घर केवळ सूर्यावर चालू शकते याचे ठळक उदाहरण मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत अध्यापन केलेले चेतन सिंह सोळंकी यांनी घालून दिले. सौर अभ्यासदिव्यांच्या वर उल्लेखिलेल्या प्रकल्पाचे ते प्रमुख होते. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांनी ‘एनर्जी स्वराज यात्रा’ आरंभिली व २०३० पर्यंत घरी न जाता बसमध्येच राहण्याचा संकल्प केला. बसच्या छपरावर ३·२ किलोवॉटची पॅनेल व आत ६ किलोवॉट-तासांची घटमाला बसविण्यात आली. ही योजना सहलीच्या पेटीच्या कित्येक पट मोठी आहे, हे लक्षात घेता तिची तुलना सामान्य निवासगाडीशी करता येणार नाही. तिने सिद्ध केले ते इतकेच, की दिवे, स्वयंपाक, संगणक व पंखे यांसह वर्षानुवर्षे असे राहता येते. बस चालते ती मात्र डीझेलवर.

ऋतू व माणसे : सौर संचाचे खरे मोजमाप ऋतू करतो. आषाढी वारी जून-जुलैमध्ये असते. तेव्हा आकाश भरून आलेले असते आणि भर पावसाच्या दिवशी पॅनेलाचे उत्पादन स्वच्छ दिवसाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंतही उतरते. म्हणून दिंड्यांच्या ट्रकांवरील सौर पॅनेल मोबाइल व दिवे यांपुरते उपयोगी पडते, ध्वनिक्षेपक व मंडपासाठी जनित्र लागतेच. पर्यटकही सह्याद्रीत पावसाळ्यातच अधिक येतात, म्हणजे त्यांची हौस व सूर्याची कृपा यांचा मेळ बसत नाही.

तो बसतो दुसऱ्याच एका फिरत्या वस्तीशी. ऊसतोडणीचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, आणि हेच महिने महाराष्ट्रात निरभ्र उन्हाचे असतात. बीड, अहिल्यानगर व आसपासच्या जिल्ह्यांतील तोडणी कामगार मुकादमाकडून उचल घेऊन जोडप्याने, म्हणजे एक ‘कोयता’ म्हणून, बैलगाडीसह किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार लादून निघतात. त्यांचे तळ औद्योगिक पट्ट्याच्या उंबरठ्यावरही पडतात. हिंजवडीपासून जवळ कासारसाई-दारुंब्रे येथे संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे. पाचटाची कोपी उभी राहते, फड संपला की मोडते. तिला वीजजोड मिळत नाही, कारण जोडासाठी पत्ता लागतो. तोड पहाटे अंधारात सुरू होते; गाडी भरणे पुष्कळदा रात्री चालते; कोपीत मागे राहिलेल्या मुलांना सापविंचवाचे भय असते. ५ वॉटचे दोन दिवे व एक मोबाइल एवढी एका कोपीची गरज वर मोजलेल्या निवासगाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी आहे, व २० वॉटचे पॅनेल ती सहज भागविते. ट्रेलर, मुक्काम, ऊन व गरज या चारही गोष्टी येथे एकत्र येतात. सुवाह्य सौर संचाची जाहिरात मात्र जलाशयाकाठच्या तंबूचे चित्र छापून केली जाते, आणि मोठ्या पेटीची किंमत एका कोयत्याच्या हंगामी उचलीचा मोठा भाग खाऊन टाकील इतकी असते. जुन्या सौर कंदिलाच्या योजना गावाच्या पत्त्यावर आखलेल्या होत्या. सहा महिने गावाबाहेर असणाऱ्या कुटुंबास त्या लाभाच्या वेळी सापडत नसत.

वापरून झालेल्या घटमालांचा प्रश्नही याच ठिकाणी येतो. शिशास भंगारात चांगला भाव येतो, म्हणून जुनी शिसे-अम्ल घटमाला परत येतेच. ती अनधिकृत भट्ट्यांत वितळविली जाऊ नये यासाठी २००१ मध्ये नियम करण्यात आले. २०२२ च्या घटमाला अपशिष्ट व्यवस्थापन नियमांनी लिथियमसह सर्व प्रकारच्या घटमाला परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. लिथियम-लोह-फॉस्फेटात कोबाल्ट व निकेल नसल्याने त्याच्या भंगारास भाव कमी असतो व ते गोळा करण्याचा उत्साहही कमी. स्कूटरीची घटमाला तिची ७०-८० टक्के क्षमता उरली असता वाहनास अपुरी ठरते. दिव्यासाठी मात्र ती आणखी बरीच वर्षे चालते. तिचे घट तपासून, निवडून, लहान पेट्यांत पुन्हा बांधण्यास लागणारी कारागिरी भोसरी-चाकणच्या लहान कारखान्यांना अपरिचित नाही. असे संच हंगामापुरते भाड्याने द्यावेत, कारखान्याच्या गव्हाणीपाशी ते बदलून मिळावेत व बिघडल्यास तेथेच दुरुस्त व्हावेत, अशी व्यवस्था तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. तोडणी कामगारांसाठी खर्च कोणी करावयाचा, मुकादमाने, साखर कारखान्याने की शासनाने, हा त्यांच्या निवारा, पाणी व शाळा यांबाबतीत वर्षानुवर्षे चालत आलेला वाद तिलाही लागू पडतो.